समासात काही लिहू नये

३ जून

चि. खारू,

बारा पायऱ्या, मग काहीच नाही, मग सात.

आपल्या जिन्याचा हा आवाज तुझ्या कानात राहिला आहे का, ठाऊक नाही. तुझी आई टेलिफोनच्या ऑफिसातून चार वाजता यायची. वळणापर्यंत बारा पायऱ्या चढायची, तिथे पिशवी खाली टेकल्याचा बारीक आवाज व्हायचा, आणि मग वरच्या सात. मी आरामखुर्चीत पडून मोजायचो. बारा आणि सात, एकोणीस. शाळेत गुरुजींनी टेबलावर पट्टी आपटत आमच्याकडून शार्दूलविक्रीडित घोकून घेतलं होतं. त्याच्या ओळीतही अक्षरं एकोणीस आणि बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे श्वास घेण्याची जागा. मला वाटायचं, काय बायको मिळाली आहे, जिनासुद्धा वृत्तात चढते. एकदा दार उघडताना तिला तसं म्हणालोही. ती म्हणाली, "आधी पिशवी घ्या हातातली, मग वृत्त घ्या."

असो. पत्राला कारण आहे, नाहीतर तू म्हणशील, म्हाताऱ्याला चौदा वर्षांनी एकदम वृत्तं कुठून सुचली. आमच्या मानसशास्त्र विभागाची जुनी इमारत पाडताहेत. भांडारपालाचा फोन आला. "साहेब, तुमच्या अक्षरातली चार खोकी निघालीत. नेताय, का रद्दीत घालू?" मी म्हटलं, "अरे, मी अजून जिवंत आहे." तो म्हणाला, "म्हणून तर विचारलं." तर ती खोकी आता तुझ्या खोलीत आहेत. तुझी खोली आहे तशीच आहे, खिडकीची कडी तेवढी बदलली.

खोक्यांत आमच्या प्रश्नावल्या आहेत. तू लहानपणी त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मांजरं काढायचीस. माणसाला आपल्या शरीरातलं काय काय आतून जाणवतं, छातीची धडधड, श्वास, पोटातली कालवाकालव, हे मोजायची ती प्रश्नावली. बत्तीस प्रश्न. प्रत्येकापुढे शून्य ते पाच, 'कधीच नाही' पासून 'नेहमी' पर्यंत. परक्या भाषेतून ती आपल्या भाषेत आणायला विभागप्रमुख बाईंना आणि मला दोन हिवाळे लागले. मग मी ती घेऊन दारोदार फिरलो. एका धोब्याला विचारलं, "तुमचा श्वास जड झाला की तुम्हाला लगेच कळतं का?" तो म्हणाला, "मला कळायच्या आधी आमच्या बायकोला कळतं, साहेब." आम्ही आठवडाभर हसत होतो.

आता बाईंच्या मनात आलं आहे, की तेव्हाच्या उत्तरांशी आजची ताडून पाहावीत. ओळखीच्या काही जणांकडून भरून हवी आहेत. एक कोरी प्रत सोबत ठेवली आहे. पत्र लिहू नकोस, नुसत्या खुणा कर. दिवसभर लोकांना चष्म्याच्या भिंगांतून 'आता नीट दिसतं, का आधी दिसत होतं?' असं विचारतेस, तर एकदा तूही उत्तरं दे. सगळ्यात खाली छापलंच आहे, समासात काही लिहू नये.

जावईबापूंचं नव्या वर्षाचं कार्ड मिळालं होतं. त्यावर तुझी सही नव्हती, पण पाकिटावरचा पत्ता तुझ्या अक्षरात होता. तो मी कापून ठेवला आहे.

माझी तब्येत उत्तम.

बाबा


२६ जून

चि. खारू,

तुझा कागद आला. पाकिटात दुसरं काही नव्हतं, मी ते उलटं करून झटकूनही पाहिलं. पण खुणा तुझ्याच, शेपटी वर उडालेल्या. खोडरबराचे कोपरे कुरतडणारी माझी खार चव्वेचाळीस वर्षांची झाली तरी शेपटी तीच.

सवयीने पुठ्ठा काढला. पुठ्ठा म्हणजे आमचं गुण द्यायचं साधन. प्रश्नावलीच्याच मापाचा जाड कागद, त्याला बत्तीस ओळींत खिडक्या कापलेल्या. भरलेल्या कागदावर तो बसवायचा, खिडक्यांतून दिसतील त्या खुणा मोजायच्या, बेरीज करायची. बाकी सगळं पुठ्ठ्याखाली झाकलं जातं. नाव, अक्षर, चहाचे डाग, समास. बाई म्हणायच्या, माणूस दिसला की गुण चुकतात, म्हणून माणूस झाकायचा.

काही प्रश्न आम्ही मुद्दाम उलटे घातले होते. न वाचता सरसकट 'नेहमी' करत सुटणारे लोक त्यातून सापडत. नववा प्रश्न, 'शरीरात कुठे दुखू लागलं की माझं लक्ष तिकडे जातं.' आणि तेविसावा, 'दुखणं फार वाढेपर्यंत मी त्याकडे दुर्लक्ष करते.' एकाला पाच म्हटलं तर दुसऱ्याला शून्य किंवा एक यायला हवा. दोन्हींना पाच, म्हणजे त्या माणसाने मन लावून वाचलेलं नाही. अशा तीन जोड्या निघाल्या, की आम्ही कागदावर तांबड्या पेन्सिलीने 'निष्काळजी उत्तरे' असं लिहून तो बाजूला काढायचो.

तुझ्या नवव्याला पाच आहे. तेविसाव्यालाही पाच. आणखी दोन जोड्या तशाच. आणि चौथा, 'निवांत पडले असताना मला छातीतली धडधड जाणवते', त्यालाही पाच.

आधी वाटलं, माझी थट्टा करतेस. थट्टा असेल तर उत्तम. पण एक गंमत सांगतो. खोक्यांत वरवर चाळताना तुझ्या आईचा कागद सापडला. आठवतं? नसेलच, तू तेव्हा तुझ्या घरी होतीस. माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. चाळीस बायकांकडून भरून हवं होतं आणि एकोणचाळीसच झाल्या होत्या. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती मटार सोलत होती. मी वाचायचो, ती सोलता सोलता आकडा सांगायची.

"नववा. दुखू लागलं की लक्ष तिकडे जातं."

"पाच."

मग तेविसावा. "दुखणं फार वाढेपर्यंत दुर्लक्ष करते."

"पाच."

मी म्हटलं, "अगं, दोन्ही कसं होईल? काहीतरी एक सांग."

"दोन्ही खरंय. लक्ष जातं आणि मी दुर्लक्ष करते. लक्षच गेलं नाही तर दुर्लक्ष कशाकडे करणार?"

"हे असं चालत नाही."

"तुमच्या कागदाला चालत नसेल. मला चालतं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं तर सगळे हसले. बाई म्हणाल्या, "वहिनींना आपल्या विभागात घ्या." आणि नियम तो नियम, तिच्या कागदावर मी तांबड्या पेन्सिलीने लिहिलं.

दोन कागद शेजारी ठेवले आहेत. चौथा, नववा, तेविसावा, आणि त्या बाकीच्या दोन जोड्या. एकाच साच्यातून काढल्यासारखे.

तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे ना? चढताना मध्ये थांबतेस का? एवढं एकच कळव. खूण केलीस तरी चालेल.

बाबा


१० जुलै

चि. खारू,

चष्म्याच्या नंबराच्या चिठ्ठीमागे लिहिलेल्या तुझ्या दोन ओळी मिळाल्या. 'म्हणजे आई आजारी होती? तुम्ही तर म्हणाला होतात, घरून धडधाकट गेली होती.'

चौदा वर्षांत तू मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तो खिशात घेऊन दोन दिवस फिरतो आहे. भाजी आणायला गेलो तर तिथे चिठ्ठी काढून वाचली. भाजीवाली म्हणाली, "आजोबा, यादी घरी विसरली का?"

हे बघ, माणूस दुःखात बोलतो त्याला काही अर्थ नसतो. आणि तो कागद तर मी आत्ता पाहिला, खोकी आल्यावर. आधी कुठे माहीत होतं मला? शिवाय प्रश्नावली म्हणजे काही डॉक्टरी तपासणी नव्हे. बाई नेहमी बजावायच्या, यातून रोग काढू नका, ही नुसती जाणीव मोजायची पट्टी आहे.

जाणिवेवरून आठवलं. प्रश्नांच्या जोडीने आमच्याकडे आणखी एक प्रयोग असायचा. नाडीला हात न लावता, डोळे मिटून, अर्ध्या मिनिटात आपल्या छातीचे ठोके किती पडले ते मनात मोजायचे. बाजूला यंत्र खरे ठोके मोजत असे. परवा मी घरी करून पाहिलं. मनात सव्वीस आले. औषधांच्या दुकानातून आणलेल्या यंत्रावर एकोणचाळीस. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. मला आतलं ऐकू येत नाही, खारू. जन्मभर कवितेची मात्रा चुकली तर ऐकू आली, शेजारच्या खोलीतल्या रेडिओवर कुणी एक गुरू लघू केला तर ऐकू आला. आतलं नाही आलं.

बाहेरचं मात्र येतं. तुला कधी लिहिलं नव्हतं. तुझी आई गेली त्यानंतर महिन्याभरात सुरू झालं. चारच्या सुमाराला, उन्ह भिंतीवर आलेलं असतं, शाळेतली मुलं खालून ओरडत जातात, तेव्हा जिन्यात पावलं वाजतात. एक, दोन, तीन. बारापर्यंत. मग पिशवी टेकल्यासारखं होतं. मग मी वाट पाहतो, आणि वरच्या सात येत नाहीत. कधीच आल्या नाहीत. चौदा वर्षं ती वळणावर उभी आहे. दार उघडून पाहिलं तर अर्थात कुणी नसतं. पूर्वी उघडायचो. आता ऐकत बसतो, आणि तोंडाने आपोआप त्या वृत्ताचे गण, म स ज स, म्हणतो, आणि पुढचे त त ग म्हणायला जीभ वळत नाही.

तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "काका, कान तपासून घ्या." हा असा जमाना.

तू थांबतेस का जिन्यात, ते लिहिलं नाहीस.

बाबा


१९ जुलै

चि. खारू,

काल जावईबापूंचं पत्र आलं. लग्नानंतरचं पहिलं. मी त्यांच्याशी कधी धड दोन शब्द बोललो नाही. लिफ्ट दुरुस्त करतात म्हणून त्यांना 'वर-खाली साहेब' म्हणायचो, तेही त्यांच्यासमोर. त्यांनी ते पत्रात कुठे काढलेलं नाही. लिहितात:

'ही दुसऱ्या मजल्यावर बसते. पाच मिनिटं बसते, मग वर येते. म्हणते, दिवसभर उभं राहून होतं. मी ओढून डॉक्टरांकडे नेली. त्यांनी विचारलं, आई-वडिलांपैकी कुणाला छातीचं दुखणं? ही म्हणाली, कुणालाही नाही. आईला काय झालं होतं? ही म्हणाली, माझ्या घराचं सामान उचलून अतिश्रमाने गेली, त्याआधी धडधाकट होती. त्यांनी तसं लिहून घेतलं आणि थकव्याच्या गोळ्या दिल्या. बाबा, तुम्ही कागदाबद्दल तिला काय लिहिलंत मला माहीत नाही. ती तुमची पत्रं उशीखाली ठेवते आणि काही सांगत नाही. तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा.'

डॉक्टरांच्या वहीत माझं वाक्य गेलं आहे, खारू. तुझ्या तोंडून, माझं वाक्य.

दोन्ही कागद घेऊन तळमजल्यावर गेलो. डॉक्टरीणबाईंनी पुठ्ठा लावला नाही, आधी सगळं वाचलं. मी सांगितलं, ही दोन्ही उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध आहेत, म्हणून बाद केली होती. त्या म्हणाल्या, "विरुद्ध कुठे आहेत? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांचं हेच असतं. सगळं जाणवतं आणि सगळं ढकलतात." मग तुझ्या आईचा कागद बोटाने दाबून म्हणाल्या, "काका, ही उत्तरं नाहीत, ही लक्षणं आहेत. हृदयाची काही दुखणी आईकडून मुलीकडे येतात. तिला तपासणाऱ्यांना आईची हकीकत कळायला हवी. आजच्या आज."

आणि मग त्यांनी विचारलं, "हे समासात काय लिहिलंय?"

आता क्रमाने सांगतो. कवितेसारखं मागेपुढे करणार नाही.

बाईंनी कोणाची उत्तरं मागितली नव्हती. त्यांना तर आता माझं नावही आठवत नाही. मला तुझं अक्षर पाहायचं होतं.

तुझ्या आईचा कागद खोक्यांत सापडला नाही. तो खोक्यांत कधी नव्हताच. निवृत्तीच्या दिवशी माझं टेबल आवरताना मी तो बाद कागदांच्या गठ्ठ्यातून काढून घरी आणला होता, तिच्या दोन पाचांची गंमत म्हणून. तेव्हापासून तो माझ्या शाळेच्या कवितेच्या पुस्तकात आहे.

त्या दिवशी पंचविसाव्या प्रश्नाला दूधवाल्याने हाक मारली म्हणून मी खाली गेलो. उरलेले सात तिने स्वतः, मटारांचे हात पुसून, पेन्सिलीने भरले. मी परत आलो तर ती समासात लिहीत होती. तिचं ते टेलिफोनच्या ऑफिसातलं अक्षर, घाईचं पण एक काना न सुटणारं. लिहिलं होतं: 'जिन्यात थांबावं लागतं. हा प्रश्न यात नाही.'

मी ते वाचलं. पुठ्ठ्याखाली झाकलं गेलं म्हणून दिसलं नाही, असं मी तुला पुढेमागे सांगणार होतो. पहिल्याच पत्रात समासाचा विषय काढून ठेवला होता, तो त्याचसाठी. पण पुठ्ठा नंतर आला. आधी मी माझ्या डोळ्यांनी वाचलं, तिच्या खांद्यावरून वाकून, आणि म्हणालो, "अगं, समासात लिहायचं नसतं."

ती म्हणाली, "मग कुठे लिहू?"

मी म्हणालो, "आहेत ते बत्तीस प्रश्न पुरेत."

तिने पेन्सिल ठेवली आणि राहिलेले मटार सोलले. तो विषय तिने पुन्हा काढला नाही. तुझी आई एकदाच सांगायची. टेलिफोनवरच्या बायकांना सवयच असते, एकदा सांगून जोडून द्यायचं. पलीकडे कुणी उचललं नाही तर तो त्यांचा दोष नाही.

आणि जिन्यातली ती यती. ती नेहमीची नव्हती, खारू. मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं तेव्हा ती जन्मभराची असल्यासारखं लिहिलं. ती शेवटच्या दोन वर्षांतली. त्याआधी तुझी आई एकोणीस पायऱ्या एका दमात यायची, पिशवी नाचवत. मला फरक कळला होता. मी त्याला वृत्त म्हणालो. वृत्त म्हटलं की मग उठून खाली जावं लागत नाही.

त्यानंतर सहा महिन्यांनी तू घर बदललंस आणि ती चार दिवस मदतीला आली. ती गेल्याचं कळून मी पोचलो तेव्हा तू तुमच्या जिन्यात पुस्तकांच्या खोक्यावर बसली होतीस. अर्धं खोकं तू उचललं होतंस आणि अर्धं तिने. तू मला विचारलंस, "बाबा, तिला आधी काही होत होतं का? ती काही बोलली होती का?"

मी म्हणालो, "नाही." आणि मग म्हणालो, "घरून धडधाकट गेली होती."

त्या दोन वाक्यांच्या मधे मला तो समास दिसला होता. अक्षर न् अक्षर दिसला होता. दुःखात माणूस काहीही बोलतो, असं मी गेल्या पत्रात लिहिलं. मी काहीही बोललो नव्हतो, नीट निवडून बोललो होतो. 'हो' म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, 'मग तुम्ही काय केलंत?' त्यापेक्षा तू स्वतःला विचारत राहिलीस ते मला सोपं गेलं. तू म्हणालीस, "मी तिला हमालासारखं राबवलं," आणि मी गप्प बसलो. तू यायची बंद झालीस, तेही मला कळत होतं कशाने. ज्या घरातून ती धडधाकट निघाली त्या घरात तू कशी पाऊल टाकणार?

तुझ्या खोक्याने ती गेली नाही. ती दोन वर्षं जात होती आणि मी अक्षरं मोजत होतो.

आता ऐक. सोबत तिचा मूळ कागद आहे. तांबड्या पेन्सिलीने वर जे लिहिलं आहे ते माझं, ते वाचू नकोस. समास वाच. उद्याच डॉक्टरांकडे जा, कागद समोर ठेव आणि सांग, मागे सांगितलं ते चूक होतं. सांग, माझ्या आईला दोन वर्षं जिन्यात थांबावं लागत होतं, पडल्या पडल्या धडधड जाणवत होती, आणि तिने हे घरच्या माणसाला सांगितलं होतं. त्यांना वहीतलं वाक्य खोडायला लाव. तुझ्यासमोर खोडू दे.

त्यानंतर माझ्याशी बोलू नकोस वाटलं तर नको बोलूस. पण जा.

जावईबापूंना म्हणावं, त्यांच्या पत्रात एकही शब्द कमी किंवा जास्त नाही. मला असं लिहिता आलं नाही कधी.

बाबा


२८ जुलै

खारू,

नऊ दिवस झाले. तातडीच्या टपालाने पाठवलं होतं. खिडकीतल्या बाईने विचारलं, "आत मौल्यवान काही?" मी म्हटलं, "कागद." तिने 'कागदपत्रे' असा शिक्का मारला. दोन दिवसांत पोचतं म्हणाली.

फोन लावला नाही. लावायला घेतला आणि आठवलं, की 'उचलला नाही' हे ऐकण्याचीही हिंमत लागते. तुझ्या आईकडे ती होती, दिवसाला पाचशे वेळा.

कागद घरातून गेल्यावर पावलं थांबतील असं वाटलं होतं. थांबली नाहीत. काल मी चारच्या आधीच जाऊन वळणावर, बाराव्या पायरीवर, बसलो. तिथून काय दिसतं हे मी कधी पाहिलं नव्हतं. आपलं दार दिसतं, खारू. सात पायऱ्यांवर. दाराखालच्या फटीतून आरामखुर्चीचे पाय दिसतात, आणि खुर्चीत कोणी असलं तर त्याची पावलंही दिसत असणार. तिला रोज दिसत असतील. मी खुर्चीत पाय हलवत, ताल धरून बसलेला. ती पिशवी टेकून, श्वास जमवत, माझ्या पावलांकडे बघत उभी. हाक मारायला श्वास हवा ना.

डॉक्टरीणबाई वर-खाली करताना दोनदा मला ओलांडून गेल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "काका, इथे बसून मुलगी बरी होणार आहे का?" मी म्हटलं, "नाही, पण वर बसून मागची माणसं बरी झाली नव्हती." त्या माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. मग त्यांचा कुणी रोगी आला.

आता चार वाजायला आले आहेत. खुर्ची दाराकडे पाठ करून फिरवली आहे आणि तुला लिहितो आहे. हे पत्र टाकीन की नाही, माहीत नाही.

वाजली पावलं.

एक, दोन, तीन. आज जड वाजताहेत. सात, आठ. बूट आहेत का? दहा, अकरा, बारा.

तेरा.

थांबलं नाही. चौदा, पंधरा. म्हणजे ती नव्हे, आणि तूही नव्हेस. आज पहिल्यांदा कुणीतरी पुढच्या सात पुऱ्या करतं आहे. दाराशी आलं. दार वाजतंय.

उघडून आलो. परत बसून लिहितो आहे. जावईबापू आले आहेत. या घराच्या उंबऱ्याच्या आत चौदा वर्षांत पहिल्यांदा. केस पांढरे झालेत त्यांचे. बसा म्हटलं तर बसले नाहीत, उभ्यानेच पाणी प्यायले. मी तोंडाकडे बघायचं टाळलं, त्यांच्या बुटांकडे बघत होतो. विचारलं, "कशी आहे?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, पण त्यांना आला असावा.

म्हणाले, "कागद दाखवला. डॉक्टरांनी समास दोनदा वाचला. मग सगळ्या तपासण्या केल्या, चार दिवस ठेवून घेतलं. दुखणं आहे, बाबा. पण वेळेवर सापडलंय म्हणतात. औषध चालू झालं, पुढच्या महिन्यात एक शस्त्रक्रिया आहे. आज इथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायला आणलं होतं."

"आणि वहीतलं वाक्य?"

"खोडलं. तिने समोर बसून खोडायला लावलं."

मी म्हटलं, "कुठे आहे ती?"

"खाली. डॉक्टरीणबाईंच्या बाकावर बसलीये. जिने बंद केलेत तिचे, एक पायरीसुद्धा नाही म्हणालेत. मी म्हटलं, उचलून नेतो, माझं कामच आहे वर न्यायचं. तर म्हणाली, नको, बाबांना खाली यायला सांग. त्यांना विचारायचंय, म्हणाली. बत्तीस प्रश्न काढून आणलेत तिने. स्वतःच्या हाताने लिहिलेत, रुंद समास सोडून."

मी चष्मा शोधला, तो डोळ्यांवरच होता. काठी घेतली, ठेवली, आणि ही एक ओळ राहिली होती म्हणून पुन्हा टेबलाशी बसलो. ते दार धरून उभे आहेत. म्हणताहेत, "बाबा, ती खाली बसलीये, आणि तुम्ही पत्र काय लिहिताय?"